वाण्याच्या यादीतले वर्ष

डिसेंबर संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची जात बदलते. एरवी विचारणा असते ती अमुक पदार्थ चालेल का, तमुक किती खावा याची. वर्षाच्या तोंडावर मात्र वाचक स्वतःविषयी लिहू लागतात. गेल्या वर्षी काय चुकले, कोणता संकल्प कुठे मोडला, घरातले कोण काय म्हणाले, असे सारे त्या पत्रांत येते. यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे काढून टाकली आहेत. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे आणि औषधे चालू आहेत, त्यांनी पुढील उत्तरांतले काहीही अमलात आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून आहे. दरवर्षी १ जानेवारीला साखर, तळलेले आणि रात्रीचा भात बंद करण्याचा संकल्प करतो आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर तो मोडतो. पत्नी हसते. घरात आम्ही चार मोठी माणसे आहोत. गेली तीस वर्षे मी घरखर्चाची वही नेमाने लिहितो, म्हणजे शिस्त माझ्यात नाही असे म्हणता येणार नाही. मग खाण्याच्या बाबतीतच ती कुठे जाते? (सातारा)

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा मजकूर आपण जाता जाता लिहून टाकला आहे. ज्या घरात तीस वर्षांची खर्चाची वही आहे त्या घराला संकल्पाची गरज नाही. त्याने वही उघडावी. मी आपल्याला उलट टपाली वाणसामानाचे आकडे कळवण्याची विनंती केली आणि आपण ते तत्परतेने पाठवले. गेल्या वर्षाची महिन्याची सरासरी अशी : तेल ५ लिटर, साखर ५ किलो, मीठ १ किलो, आणि सर्व डाळी व कडधान्ये मिळून ४ किलो.

आता हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेशेजारी ठेवून पाहू. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिच्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाण्यांसारख्या तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचवले आहे. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. आपल्या ५ लिटरचे चार माणसांत आणि तीस दिवसांत भाग पाडले तर माणशी दररोज जवळपास ३८ ग्रॅम होतात, आणि त्यात तूप, लोणी व बाहेरून आणलेली भजी धरलेलीच नाहीत. मिठाचे माणशी ८ ग्रॅमच्या वर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा ५ ग्रॅमची आहे आणि तिच्यात लोणचे, पापड, फरसाण हे सारे येते. साखरेचे भरतात सुमारे ४२ ग्रॅम. ती २५ ग्रॅमच्या आत ठेवणे इष्ट मानले जाते. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्या माणसाची ही २५ ग्रॅमची शिदोरी तिसऱ्या कपालाच संपते. पाहुणेरावळे, सणवार आणि मोलकरणीचा चहा यांचा वाटा वजा केला तरी चित्र फारसे पालटत नाही. साखरेऐवजी गूळ घालून आपण सुटलो असे समजणाऱ्यांनी गुळाचे वजनही याच बेरजेत धरावे.

परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते शेवटच्या आकड्याने. चार किलो डाळ म्हणजे माणशी दररोज ३३ ग्रॅम. सुचवलेले प्रमाण ८५ ग्रॅम आहे, म्हणजे आपल्या घरात महिन्याला दहा किलोंच्या आसपास डाळी-कडधान्ये यायला हवीत, आणि येतात निम्म्याहूनही कमी. आपण दरवर्षी काय सोडायचे याचाच विचार करत आलात. घरात काय येतच नाही हा प्रश्न आपल्या संकल्पांना कधी पडलाच नाही. मराठी घरांत वरण रोज होते, त्यामुळे डाळ पुरेशी खाल्ली जाते असा आपला सर्वांचा समज असतो. पण वरणाची वाटी ही बहुधा पाण्याची वाटी असते. पातळ वरण भातावर ओतले की भात जास्त जातो, पोट भरते, आणि दोन तासांनी पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. तेव्हा डब्यात चिवडा असतोच. रात्रीचा भात सुटत नाही याचे कारण आपल्या मनाचा दुबळेपणा असावा असे मला वाटत नाही. त्याच्याबरोबर टिकाऊ असे काहीच पोटात जात नाही, हे ते कारण असण्याचा संभव अधिक आहे.

म्हणून या वर्षी काहीही बंद करू नये. वाण्याच्या यादीत डाळी व कडधान्ये चार किलोंवरून निदान सात किलोंवर न्यावीत आणि तेलाच्या पाचाचे चार लिटर करावेत. दिवसाचे ८५ ग्रॅम म्हणजे कच्ची डाळ सुमारे अर्धी वाटी. घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, कुळथाचे पिठले, मुगाचे धिरडे, मेथी किंवा अंबाडीची डाळ घालून केलेली भाजी, असे दोन्ही जेवणांत मिळून काही झाले तर अर्धी वाटी केव्हा संपते ते कळतही नाही. भाकरी-पोळीच्या धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. आपल्याकडची डाळ-भात, भाकरी-पिठले, खिचडी ही जोडपी म्हणूनच टिकली आहेत. बिघडले आहे ते त्यांच्यातले प्रमाण.

जानेवारी यासाठी सोयीचा महिना आहे. मंडईत सोलाणे, तुरीच्या शेंगा, पावटा, मटार आणि वालपापडी याच दिवसांत येतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, भोगी असते, आणि तिच्या भाजीत हरभरा, पावटा, घेवडा, वांगे, गाजर, बोरे, ओल्या शेंगदाण्यांपासून तिळाच्या कुटापर्यंत सारे एका पातेल्यात येते. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असे म्हणणाऱ्यांनी वर्षातून एकच दिवस ही भाजी करावी असे कुठेही म्हटलेले नाही.

तेलाविषयी एक घरचा अनुभव सांगतो. आमच्याकडे फोडणीचे तेल पाच लिटरच्या कॅनमधून थेट कढईत ओतले जात असे आणि आम्ही तेल कमीच वापरतो असे मी लोकांना सांगत असे. एकदा तेलाच्या बुधलीतली जुनी पितळी पळी पाण्याने भरून ती औषधाच्या मापात रिकामी केली, तेव्हा तिच्यात तीन चहाचे चमचे मावतात असे दिसले. मग तीच पळी फोडणीसाठी वापरायला काढली. कॅन ओट्याखालच्या कपाटात गेला, बुधली ओट्यावर आली, आणि पहिल्याच महिन्यात अर्धा लिटर तेल उरले. कोणाच्याही चवीची तक्रार आली नाही. कॅन खाली वाकून काढण्याचा कंटाळा हेच त्याचे खरे कारण आहे, हे मी घरात कबूल केलेले नाही.

तिळगूळ खुशाल खावा. पुढच्या डिसेंबरात वहीतल्या बारा महिन्यांच्या बेरजा मला अवश्य कळवाव्यात.

प्रश्न : मी ४३ वर्षांची शिक्षिका आहे. सकाळी साडेपाचला उठून चौघांचे डबे करते. स्वतः मात्र सर्वांचे झाल्यावर उभ्याउभ्याच उरलेले खाते. अन्न वाया गेलेले मला बघवत नाही. वजन वाढते आहे आणि तरी थकवा असतो. तपासणीत हिमोग्लोबिन १० च्या खाली निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या मी सकाळच्या चहाबरोबर आठवणीने घेते. नवीन वर्षात स्वतःच्या खाण्याकडे लक्ष द्यायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी? (अमरावती)

उत्तर : सुरुवात त्या चहापासून करावी. चहातली टॅनिन द्रव्ये लोहाला आतड्यात बांधून ठेवतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत; त्यामुळे आठवणीने घेतलेली गोळी बऱ्याच अंशी फुकट जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे, ते याच कारणाने. गोळी केव्हा आणि कशाबरोबर घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, पण चहाबरोबर आणि दुधाबरोबर ती नको. याच्या उलट, लिंबू, पेरू, आवळा यांतले क जीवनसत्त्व पालेभाज्यांतले आणि कडधान्यांतले लोह शोषले जायला मदत करते. उसळीवर लिंबू पिळण्याची आपली रीत नुसती चवीची नव्हे. बीट आणि खजूर खाऊन रक्त वाढेल या भरवशावर गोळ्या मात्र सोडू नयेत. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया या रेषेच्या खाली आढळल्या होत्या. आपण एकट्या नाही, हे सांगताना समाधान वाटत नाही.

वजन वाढते आणि रक्त कमी होते, हे एकाच वेळी कसे घडते याचे उत्तर आपल्या उभ्याने केलेल्या जेवणात आहे. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला नेमके काय येते, हे एकदा ताटात मांडून पाहावे. भाजीतल्या फोडी वाढल्या गेलेल्या असतात. कढईला लागलेला मसाला आणि तळाला साचलेले तेल ती पोळीने पुसून खाते. उसळीतले दाणे डब्यांत गेलेले असतात आणि तिला रस्सा उरतो. कोशिंबीर संपलेली असते. पोळ्या मात्र दोन जास्तीच्या असतात, कारण त्या कमी पडू नयेत म्हणून जास्त लाटलेल्या असतात. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कालचा भात आणि डब्याच्या तळाचा लाडवाचा चुरा हे वरकड. म्हणजे तेल, पीठ आणि साखर यांचा वाटा पूर्ण, भाजी, डाळ आणि फळ यांचा वाटा शून्याजवळ. अशा ताटाने वजन वाढावे आणि लोह मिळू नये यात नवल नाही.

यावर माझ्याकडे एकच सूचना आहे आणि ती पाककृतीची नाही. डबे भरताना पाचवा डबा आपला भरावा. तो शेवटी नव्हे, इतरांच्या बरोबरीने, भाजी कढईत पूर्ण असताना भरावा, आणि झाकण लावून बाजूला ठेवावा. मग शाळेत मधल्या सुटीत खा किंवा घरी बसून खा. घरातल्या माणसांना हा डबा दिसला पाहिजे, कारण आई काय खाते हे बहुतेक घरांत कोणी कधी पाहिलेलेच नसते.

उरलेल्या अन्नाविषयी आपली भावना मी समजू शकतो. आपल्या पिढीला अन्न टाकण्याची लाज वाटते आणि ती वाटणे चांगलेच आहे. पण रोज काहीतरी उरते याचा अर्थ रोज माप चुकते. आठवडाभर एका कागदावर, काय उरले आणि किती, एवढेच लिहून तो फ्रिजवर लावावा. रोज तीन पोळ्या उरत असतील तर तीन पोळ्यांची कणीक कमी भिजवावी. तरीही उरले तर फोडणीची पोळी दुसऱ्या दिवशी सर्वांच्या नाश्त्याला करावी. ती आपल्या एकटीच्या पोटात लपवण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : माझे गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी असे उपास आहेत. आहार हलका राहावा म्हणून वीस वर्षे हे पाळतो आहे. वजन मात्र दरवर्षी दोन किलो वाढते. या वर्षी उपास वाढवावेत असे मनात आहे. (पुणे)

उत्तर : आधी मोजून पाहू. वर्षाचे ५२ गुरुवार, सुमारे २४ एकादश्या आणि १२ संकष्ट्या मिळून ८८ होतात. काही एकाच दिवशी आले असे धरले तरी वर्षातले ऐंशीच्या वर दिवस आपण उपासाचे खाता. जी गोष्ट वर्षाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त दिवस घडते तिला अपवाद म्हणता येत नाही. ती आपली आहाराची सवयच आहे आणि तिच्याकडे तसेच पाहायला हवे.

आपण पत्रात उपासाचा दिवस कसा जातो तेही लिहिले आहे : सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस किंवा वेफर, संध्याकाळी केळे आणि खजूर, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याला ठाऊक असेलच, ती पुन्हा ऐकवून मी आपल्याला दुखावू इच्छित नाही. पण साबुदाण्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. हे दाणे कसाव्हा नावाच्या कंदाच्या पिठूळ गाळापासून बनतात आणि आपल्याकडे येणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात आणि त्या जवळपास सगळ्या स्टार्चच्या. प्रथिने एक ग्रॅमही नसतात. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच, आणि पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याआधी यांतले एकही आपल्या स्वयंपाकघरात नव्हते. ज्या पदार्थाला आपण सनातन उपासाचा पदार्थ मानतो तो ज्ञानेश्वरांनी पाहिलेलाही नसणार. मला हे नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. खिचडी मलाही आवडते, हे येथे नमूद करतो.

उपास वाढवू नयेत. आहेत त्यांतला साबुदाणा महिन्यातून एका दिवसावर आणावा, आणि इतर दिवशी भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दही, काकडी, उकडलेले रताळे किंवा सुरण आणि एखादे फळ एवढ्यावर भागवावे. राजगिऱ्यात प्रथिने गव्हाइतकी किंवा किंचित जास्त आणि लोह व कॅल्शियम चांगल्या प्रमाणात असते. दाण्याची आमटी ठेवावी, आपल्या आजच्या उपासाच्या ताटात प्रथिने देणारा मुख्य पदार्थ तोच आहे. आणि शक्य झाल्यास एका गुरुवारी एकवेळच जेवून पाहावे. उपास या शब्दाचा तोही एक अर्थ होता.

प्रश्न : आम्ही पेडण्याकडचे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत (भात) आणि माशांची आमटी, हेच आमचे जेवण. पुण्याला नोकरी करणारा मुलगा नाताळात आला आणि भात म्हणजे विष, नव्या वर्षापासून घरात तांदूळ नको, असे सांगून गेला. पासष्टाव्या वर्षी आम्ही गव्हाकडे वळायचे का? (गोवा)

उत्तर : मुळीच नाही. मुलाला कळवावे की त्याच्या आईवडिलांच्या तांदळाला आहारशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करणाऱ्या आइकमान या डच डॉक्टरांना असे दिसले की कोंडा काढून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी हा रोगही याच प्रकारचा होता. पुढे त्याचे मूळ थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे हे स्पष्ट झाले आणि आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९१८ मध्ये कुन्नूरला मॅकॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीच्या तपासाचे काम सुरू केले; वर ज्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा उल्लेख केला ती त्याच कामातून वाढली आणि १९५८ मध्ये हैदराबादला गेली. भात, म्हणजे न कांडलेली साळ, सालीसकट उकडला की कोंड्यातली ब जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात शिरतात आणि नंतर कांडला तरी टिकतात. म्हणजे आपले उकडे तांदूळ. आणि पेजेत शिजवलेले पाणीही पोटात जाते, त्यामुळे पाण्यात उतरलेलेही वाया जात नाही.

मुलाचे म्हणणे साफ खोटे आहे असेही नाही. विष भातात नाही, पण ताटाचा पाऊण भाग भाताने भरलेला असणे मात्र बरे नाही. शिजवण्यापूर्वी तांदूळ मोजावेत. दिवसभराचे सारे धान्य मिळून माणशी २५० ग्रॅमच्या आसपास असावे, आणि पासष्टीत अंगमेहनत कमी झाली असेल तर त्याहूनही थोडे कमी. जेवढे शीत कमी होईल तेवढी भाजी वाढवावी. तांबडी भाजी, वाल, मुळ्याचा पाला, मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ) हे आपल्याकडे आहेच. बांगडे आणि तारली हे स्वस्त मासे असले तरी हृदयाला हितकर चरबी त्यांच्यात भरपूर असते, त्यामुळे विसवणासाठी (सुरमईसाठी) हळहळू नये. काळजी घ्यायची ती सुक्या बांगड्याची, कारण त्यात मीठ फार असते, आणि पेजेबरोबरच्या लोणच्याची, त्याच कारणाने.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, हिंजवडीला नोकरी करतो, दोन मित्रांबरोबर राहतो. रात्री अकराला परतलो की मोबाइलवरून जेवण मागवतो. मागच्या जानेवारीत रोज स्वयंपाक करायचे ठरवून कढई, कुकर, मसाले सर्व विकत घेतले होते. कुकर अजून खोक्यात आहे. (पुणे)

उत्तर : साताऱ्याच्या गृहस्थांना जी वही हाताने लिहावी लागते ती आपल्या मोबाइलमध्ये आपोआप लिहिली गेली आहे. ॲपमधली गेल्या बारा महिन्यांची मागणी उघडावी आणि नेमके तीनच रकाने पाहावेत : वार, वेळ आणि पदार्थ. माझ्याकडे अशा याद्या घेऊन आलेल्या तरुणांत एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. मागणीची वेळ जसजशी पुढे सरकते तसतशी बिर्याणी, रोल आणि शीतपेये वाढत जातात, आणि त्या दिवशी संध्याकाळी काही खाल्लेले नसते. आपल्या यादीतही तसेच असेल, तर आपली अडचण अकराच्या जेवणाची नसून सहाच्या उपाशीपणाची आहे. ती कुकरने सुटत नाही. ऑफिसच्या खणात भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे ठेवावेत, दोन केळी ठेवावीत, आणि सहा वाजता ते खावे. अकराला घरी आल्यावर माणूस शहाणपणाने निवड करू शकेल इतपत तरी पोट भरलेले असेल.

रोज स्वयंपाकाचा संकल्प सोडून द्यावा. आठवड्यातून दोन रात्री, आणि त्याही ठरलेल्या, मुगाच्या डाळीची खिचडी लावावी : एक भाग तांदूळ, एक भाग डाळ, हळद, मीठ, असेल ती भाजी. कुकर खोक्यातून निघाला तर वीस मिनिटांत होते. पाकिटातले काही विकत घेताना मागची बाजू वाचण्याची सवय लावावी. घटक तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढे गव्हाची ओंबी रंगवलेल्या बिस्किटांच्या यादीत पहिला शब्द मैदा निघाला तर त्या ओंबीचा अर्थ कळतो. मीठ पाकिटावर बहुधा सोडियम या नावाने दिलेले असते, त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. एका पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले, म्हणजे दिवसाच्या पाचांतले दोन एकाच बैठकीत संपले. आणि तिघा मित्रांनी फ्रिजमध्ये डझनभर अंडी व दही कायम ठेवावे. संपल्यावर ज्याची पाळी असेल त्याने आणावे. ही पाळी कागदावर लिहून दारावर लावावी, कारण तोंडी ठरलेल्या पाळ्या तिसऱ्या दिवशी मोडतात, हे मी स्वतः वसतिगृहात चार वर्षे काढून शिकलो आहे.